नांदेडला भरती कधी येते

गणपती आटोपून गुणाजी आला वेंगुर्ल्याहून,
पेपरात बांधलेले सुके बांगडे
रात्रभर अख्ख्या बसला घमघमवत.
चहाचा कप खाली ठेवत म्हणाला,
"हंय बघूक काय आसा गे?"

मी बोटं मोजायला घेतली. गुरुद्वारा. किल्ला.
तिसऱ्या बोटापाशी अडले.
सोळा वर्षं इथं लोकांची हाडं बघतेय
एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत,
गाव असं कुणाला दाखवलं नव्हतं कधी.
म्हटलं, आज सुट्टी आहे, माझ्या कामांना चल.
दळण टाकायचंय, चपलेचा अंगठा तुटलाय,
आणि मोईनभाईकडं घड्याळ पडलंय आषाढापासून.

इतवाऱ्यात खिचडी घेतली, सोबत वाटीत खट्टा.
गुणाजीनं वाटी उचलली
आणि सोलकढीसारखी एका दमात रिती केली.
गल्ल्यावरचा म्हातारा ओरडला,
"अरे मामू, वो पीने का नक्को!"
मग स्वतःच हसत दुसरी वाटी आणून ठेवली,
हिचे पैसे नाहीत म्हणाला.
गुणाजी पुढचा तासभर मामू होता.

मोईनभाईनं घड्याळ कानाला लावलं,
"चल रहा है, लेकिन अपनी मर्जी से."
चांभारानं दोऱ्याला मेण लावता लावता विचारलं,
पाहुणे खालचे का? खालचे म्हणजे कोकणातले.
गुणाजीला नकाशा उलटा झाल्यासारखं वाटलं.
दळणाच्या रांगेत बायांनी त्याला बसायला डबा दिला,
उलटा घातलेला, ज्वारीच्या पिठानं पांढरा.
तो उठला तेव्हा मागून पांढरा होता,
कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

दुपार कलल्यावर नगिना घाट.
पाण्याकडं बघून तो जरा नीट बसला,
पहिल्यांदा, सकाळपासून.
लिंबाजी जाळं उकलत होता.
त्याला विचारलं यानं, अगदी गंभीरपणे,
"भरतीची वेळ काय तुमच्याकडं?"
लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं,
मग नदीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.
"भरती? ती विष्णुपुरीच्या सायबाच्या हातात असते.
बटन दाबलं की येते."

हसून होतंय तोवर वरून भोंगा आला,
लांबलचक, घसा बसलेला.
"चला चला, पाणी सोडूलालेत, वर या!"
बायांनी वाळत घातलेली लुगडी ओढली,
एक पोरगं एकच चप्पल घेऊन पळालं,
म्हशी मात्र आपल्या वेळेनं निघाल्या.
पाणी आलं. लाट नाही, फेस नाही,
नुसतं गढूळ, गप, पायरीमागून पायरी गिळत.

आणि माझा पन्नाशीचा भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
पायऱ्या मोजत होता,
बंदरावर मोजायचा तशाच, ओठातल्या ओठात.
चौथीला माझी जागा, पाचवीला त्याची,
ज्याची आधी बुडेल त्यानं घरी आईला तोंड द्यायचं.
मी काही न बोलता चौथीवरून उठले.

लिंबाजीकडून मरळ घेतली. गुणाजीनं हुंगली,
"चिखलाचो वास येता," म्हणाला,
तरी स्वतःच उचलून घेतली पिशवी.
बांगड्यांच्या गाठोड्यात तिरफळं होती,
त्याचा बेत त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होता.

देगलूर नाक्यावर रिक्षावाल्यानं विचारलं,
कुठं सोडू? मी म्हटलं,
"शिवाजीनगर. घरीच जाऊलालोत आता."
गुणाजीनं मान वळवून बघितलं माझ्याकडं,
आपल्याच घरातलं कपाट
दुसऱ्याच्या ओसरीत दिसावं तसं.
"पाहुणे कुठले?" रिक्षावाला आरशातून.
"वेंगुर्ला."
"आणि ताई तर इथल्याच."

मी सुटे पैसे शोधत होते पाकिटात.
मासळीच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं
त्याच्या पांढऱ्या पँटीवर, थेंब थेंब,
आणि घड्याळात, मोईनभाई म्हणाले तसे,
साडेतीन वाजले होते.