कपडेपट

बटणं पितळेची नकोत, मस्यू थिएबो म्हणाले,
चव्वेचाळीस सालच्या त्या अमेरिकी कोटांना
हिरवट प्लास्टिकची असायची.
मग मी दोन रात्री जागून
एकशे बारा कोटांची बटणं उसवली,
नवी लावली, चार भोकांची.

मस्यू थिएबो आमचे इतिहासाचे सल्लागार.
खिशात फूटपट्टी, गळ्यात भिंग.
पहिल्याच दिवशी त्यांनी चिखल नापास केला,
फार तांबडा म्हणाले,
आणि व्होजच्या डोंगरातून
दोन ट्रक काळा चिखल मागवला.
आमचा चिखल अस्सल आहे.
पावती आहे त्याची.

सकाळी स्ट्रासबुर्गहून व्हॅन आली.
आठ जण उतरले, हातांवर फुंकर मारत.
सहा विद्यार्थी, एक बसचालक,
आणि उसेनू, जो काय करतो ते त्याने सांगितलं नाही.
मी प्रत्येकाला कोट चढवला,
कॉलर ताठ केली.
लामीनच्या बाह्या आखूड पडल्या. म्हटलं, चालेल,
कुठल्या सैन्यात मापाचं मिळालंय कुणाला.

दहा वाजता दिग्दर्शकाने पडद्यात पाहिलं.
माणूस वाईट नाही,
सेटवरच्या भटक्या कुत्र्यालाही नावाने हाक मारतो.
बराच वेळ पाहून म्हणाला,
‘प्रेक्षक इथे अडखळेल.
विचारेल, हे कुठून आले?’
सगळे मस्यू थिएबोंकडे वळले.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
‘होते,’ म्हणाले, ‘भरपूर होते. पण ऑक्टोबरपर्यंत.
आपलं दृश्य नोव्हेंबरातलं आहे.’

तारीख बरोबर होती.
मी तरी कशी नाही म्हणणार?

माझे आजोबा, अन्सुमाना बाज्जी,
कासामान्सच्या भातखाचरांतून आलेले,
ऑगस्टमध्ये प्रोव्हान्सच्या वाळूत उतरले.
पायी, ट्रकमधून, पुन्हा पायी,
झाडं पिवळी पडेतो या डोंगरांपर्यंत पोचले.
एका सकाळी सार्जंट आला,
म्हणाला, हिवाळा येतोय,
ही थंडी तुम्हांला सोसायची नाही.
म्हणून कोट काढा.

हो, म्हणून.
आजोबा हा शब्द आला की थांबायचे,
आम्ही हसायची वाट बघत.
पुढ्यात गावातली गोरी पोरं उभी होती,
अठरा-एकोणीसची, नुकतीच जंगलातून आलेली.
त्यांनी ते कोट घातले, अंगाची ऊब होती तशी,
आणि ऊब असेतोच फोटो काढून घेतले.
आजोबा दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत शर्टावर बसले.
सांगताना त्यांचा हात गळ्याखाली जायचा,
वरचं बटण चाचपायला.
अंगात बनियन असला तरी.

संहितेत ही सकाळ नाही.
ऑक्टोबर आहे, नोव्हेंबर आहे,
मधल्या पानावर एक प्रेमपत्र आहे.

‘सालिमाता, कोट परत घे,’
कुणीतरी वॉकीटॉकीवर म्हणालं.
मी व्हॅनपाशी गेले.
काय बोलायचं ते चालताना जुळवत होते,
फ्रेंचमध्ये जुळेना, जोलामध्ये तर नाहीच.
शेवटी तेच दोन शब्द निघाले.
कोट काढा.

आठही जणांनी काढले.
उसेनूने नीट घडी घालून दिला,
विचारलं, जेवणाचं कूपन तरी राहील ना?
राहील, म्हटलं. कूपन राहील.
लामीन म्हणाला, फुकटात थंडी लागली नसती तर
बरं वाटलं असतं,
आणि स्वतःच्या निळ्या जॅकेटची साखळी
हनुवटीपर्यंत ओढली.

मग हँडबॉल क्लबची पोरं रांगेत आली.
मी रजिस्टरमध्ये लिहीत गेले:
कोट क्रमांक एकतीस, जमा. कोट क्रमांक एकतीस, दिला.
मस्यू थिएबो बाजूला उभे होते.
आज फूटपट्टी खिशातच होती.
त्यांना ठाऊक होतं, मला वाटतं.
पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं,
आणि ते न विचारता बोलत नाहीत,
चिखलाबद्दल सोडून.

लोइक नावाचा पोरगा, कान लालबुंद,
कोटात शिरला आणि खुशीत म्हणाला,
‘अरे, आतून गरम आहे हा!’

मी त्याच्या गळ्याखालचं बटण लावलं.
चार भोकांचं, हिरवट,
अगदी बरोबर.