सतरावं बीळ

बारा महिने सायकल चालवते म्हटलं
की लोक आधी पावसाचंच विचारतात.
पावसाचं काही नाही. भिजायचं,
कचेरीच्या मागच्या खोलीत कपडे बदलायचे,
ओले मोजे फायलींच्या कपाटाला लटकवायचे,
आणि प्रिस्काबाईंच्या शिंका दिवसभर ऐकायच्या,
जणू माझी सर्दी त्यांनाच झाली.

खरी परीक्षा मे महिन्याची.
मळ्याकडून आल्तिनोचा चढ, दुपारचे दोन,
सीटवर ठेवलेला हात भाजून उठतो.
प्रत्येक ऋतूला मी एकेक शिवी नेमून दिली आहे.
डिसेंबरला अजून सुचलेली नाही.

डिसेंबरात, शनिवारी, पहाटे साडेपाचला
रायबंदरच्या धक्क्यावर आम्ही तिघं:
एवफेमियान, फेरीबोटीच्या इंजिनाशी तीस वर्षं काढलेला,
चाऱ्यांची सुलक्षा, बापाच्या भट्टीतलं फावडं कॅरियरला बांधून,
आणि मी, नारळाची सोडणं भरलेलं गोणतं घेऊन.
धुक्यात बोट आधी ऐकू येते,
मग तिचा दिवा,
मग बऱ्याच उशिरानं बोट.

पलीकडे चोडणला खाजणाचा बांध.
वर जेमतेम एका हँडलाएवढी वाट.
रात्रीतून खेकडे ती पोखरतात.
गेल्या वर्षी चाक अडकून
एक दंतवैद्य तोंडावर पडले,
स्वतःचाच दात हातात घेऊन घरी गेले.

बीळ बुजवायची रीत एवफेमियानला आईकडून आली:
आधी सोडण, मग पेंढा,
मग मानशीजवळचा काळा चिखल,
आणि वरून अनवाणी टाच.
"बुटानं नको," तो म्हणतो,
"बुटाला पोकळ कळत नाही."

सोळा बिळं. सुलक्षा मोठ्यानं मोजते.
सोळा म्हणताना तोंडातून वाफ निघते का बघते.
निघत नाही. गोवा आहे हा.

रविवारी बेचाळीस जण येतात.
हेल्मेटं, गॉगल, पाठीवर पाण्याच्या पिशव्या.
एक जण सायकलची किंमत सांगत नाही,
फक्त वजन सांगतो.
बोट भरते. घंट्या वाजतात उगाचच.
मग बांध, एकामागून एक,
आणि मी मुद्दाम शेवटी.

चौथं कुठे, नववं कुठे, मला पाठ आहे.
चाकं त्यांच्यावरून जातात
आणि काही होत नाही.
बेचाळीस वेळा काही होत नाही.
कुणीतरी मेव्हणीच्या फसलेल्या साखरपुड्याची गोष्ट सांगतंय,
ती मध्ये कुठेही न अडखळता
बाराव्या बिळावरून पार होते.
हे ऐकायला मी शनिवारी चिखलात उतरते.
सुलक्षालाही सांगितलेलं नाही.

मग बाकडी, चहा, पातळभाजी,
आणि पैसे कुणी द्यायचे यावरून नेहमीचं भांडण,
ज्यात सगळ्यात जोरात ओरडणारा कधीच देत नाही.
दंतवैद्य म्हणतात, "यंदा वाट बरी आहे हो.
पंचायतीनं केली वाटतं?"
एवफेमियान उंडो मोडतो,
भाजीत बुडवतो, नीट भिजू देतो.
"वाटतं," म्हणतो.
त्याच्या नखांत अजून काळं आहे.

परतताना मानशीच्या अलीकडे
ताज्या मातीचा लहानसा ढीग दिसला.
काल तिथे काही नव्हतं.
मी पाय टेकवून थांबले.
एक नांगी वर आली, मग डोळे,
आणि माझ्या पुढच्या चाकाकडे त्यानं असं पाहिलं
की मीच कुणाच्या तरी अंगणात
न विचारता शिरले असावे.
घंटी वाजवली. तो आत गेला,
फार घाईनं नाही.

सतरा, मी म्हटलं, हळूच,
आणि वळसा घालून निघाले.
पुढे बेचाळीस जण बोट धरायला ओरडत होते.