सव्वादोन इंच कोरे

धाकूचा फोटो काढायचा, तर कशात?
टेबलावर तीन कॅमेरे, दोन त्यातले उसने,
आणि रोल एकच, म्हापशात मिळालेला शेवटचा,
मुदत उलटून दोन वर्षं झालेली.

सहा बाय साडेचारात पंधरा येतात.
पण पंधरा असले की माझं बोट सैल सुटतं,
मागच्या रांगेतून अक्षता फेकल्यासारखं.

सहा बाय नऊमध्ये आठच.
आगरवाड्याचा अख्खा बांध मावेल त्यात,
मानशीचं दार मावेल,
आणि टोपली घेऊन लांब उभी त्याची बायको,
जिला फोटो नको, पण बघायचं मात्र आहे.
तेवढी निगेटिव्ह माझ्या एन्लार्जरच्या तोंडात जात नाही.
स्टुडिओ मोडताना कायतानने दिलेला तो,
सहा बाय सहापुढे जबडा उघडत नाही.

सहा बाय सात, म्हणतात, कागदासाठीच जन्मला,
आठ बाय दहावर बसतो, माप घेऊन शिवल्यासारखा.
तो कॅमेरा मी उचलून पाहिला.
एन्लार्जरच्या आधी खांदाच नाही म्हणाला.

म्हणून चौकोन. बारा.
कमरेशी कॅमेरा, मान खाली,
काचेत धाकू डावीकडे चालला
की बाहेर उजवीकडे जायचा.
तो फळीने मीठ ओढत होता,
मी त्याला चांदीच्या मिठावर ओढत होतो.
सकाळचे आठ. सावली वाफ्याबाहेर गेलेली.
त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

रात्री न्हाणीघरात, लाल दिव्याखाली,
कागद भरायचा तर काहीतरी कापायला हवं.
उभा धरला तर
एका अंगाने फळीचा दांडा जातो,
दुसऱ्या अंगाने मिठाची रास.
आडवा धरला तर वरून डोक्यावरचं फडकं,
नाहीतर खालून पाय,
ते तसले, टाचांपर्यंत चिरलेले पाय.
तासभर उभा राहिलो. बादलीत पाणी ठिबकत होतं.
मग काहीच कापलं नाही.
साडेसात इंचांचा चौकोन,
खाली सव्वादोन इंच कोरे.
मला ते फार देखणं वाटलं.

धाकूने फोटो ओल्या बोटांनी कडेला धरला,
स्वतःकडे ओझरतं पाहिलं.
"इतलो कागद कित्याक सोडलोस?"

मी काय सांगणार?
बांधावर टेम्पो थांबला होता, इंजिन चालू.
त्याने कानावरचं पेन काढलं,
फोटो गुडघ्यावर ठेवला,
आणि कोऱ्या पट्टीवर लिहिलं
पोती एकवीस,
त्यातलं एक ओलं.