गुडघ्याएवढी भिंत

नकाशात बाग शोधत राहिले इंजिनियर.
हिरवा रंगच नव्हता कुठे.
शिसपेन्सिलीच्या चार रेघा, पाण्याचा एक बाण,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात :
मोह आहे तिथेच राहील.

साल चौऱ्याहत्तर. नागभीडकडच्या आमच्या दवाखान्याचं आवार
आखायला आली सुमित्रा कापगते,
दिल्लीत शिकलेली, आजे-पणजे तळ्यांच्या पाळी बांधणारे.
मी पट्टी धरून उभा, श्वास रोखून.
ती दुर्बिणीमागून ओरडायची,
"सरळ धर ना बाप्पा, पाणी तुझ्या मर्जीनं नाही जाणार!"

साहेबांना कारंजं हवं होतं,
गोल हिरवळ, मेंदीचे कातरलेले मोर.
ती म्हणाली, मेंदीला मेंदी राहू द्या.
शंभर फुटाला एक फूट उतार दिला तिनं,
खाली बोडी, बोडीला तुडूम,
आणि मोहाच्या सावलीत सिमेंटची एक भिंत,
चाळीस फूट, कोरी, ना नक्षी ना नाव.

उंची किती ठेवायची?
माझी माय तिथंच बसली होती धोंड्यावर, तांदूळ निवडत.
तिच्या गुडघ्याला टेप लावला बाईनं.
सतरा इंच. वहीत लिहून घेतलं.
"काहून वो, लुगडं शिवता का?" मायनं विचारलं.

कडुनिंबं लावली सोळा, चार ओळी चार रांगा.
अकरा बकऱ्यांनी खाल्ली.
पुढच्या साली ती आली, मोजली,
बराच वेळ काही बोलली नाही,
मग खोडरबर काढून नकाशातली अकरा पुसली.

बिलाच्या रजिस्टरात तिच्या कामाला शब्द सापडेना,
बाबूनं लिहिलं : माळीण, एक नग.
ती सही करताना खूप हसली.
मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

नंतर फरशा आल्या, कारंजंही आलं,
तीन दिवस उडालं.
फरशांखालून पाणी अजून बोडीकडेच जातं,
दर वर्षी दोन-चार उखडून.

भिंतीवर बाळंतिणींची लुगडी वाळतात,
डबे उघडतात, कोणी रात्रभर जागतं
आत कोणाचं तरी सलाईन चालू असताना.
परवा मायला तपासायला नेलं.
ऐंशी पार, थोडी आखडली आहे.
बसली भिंतीवर, पाय जमिनीला टेकले,
आणि म्हणाली, हे बरं आहे,
कोणं बांधलं?