आणि

पिवळा टी-शर्ट मी चार वर्षं
शिलाई मशीनवर झाकण म्हणून घालत होते.
अंगात घालायची सोय राहिली नव्हती.
लहानपणी वर्ल्ड कपला आमची अख्खी गल्ली पिवळी व्हायची,
बेकरीवाल्याचा कुत्रासुद्धा.
मग एका निवडणुकीत तो रंग त्यांनी उचलून नेला,
आणि आम्ही, खरं सांगायचं तर, नेऊ दिला.
लखलाभ तुम्हाला, म्हटलं.

शेजारचा ओडाइर त्यांच्यातला.
त्याच्या मुलीचा लग्नाचा झगा मी शिवलेला,
बायकोच्या शवपेटीतलं अस्तरही.
निकालाच्या रात्री त्यानं फटाके लावले,
की मी भांडी बडवली?
आधी काय झालं ते आता आठवत नाही.
माझ्या संत्र्याची एक फांदी त्याच्या अंगणात झुकायची.
फळं पिकायची, पडायची, सडायची.
तो उचलत नसे. मी मागत नसे.

मे महिन्यात नदी घरात आली.
आधी अंगणात, मग चुलीत, मग आरशात.
मी कौलांवर. मांडीत मशीनचं डोकं,
आणि हातात ते पिवळं फडकं.
लांबून दिसेल असं दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे.
हलवलं.

होडी आली ती ओडाइरची,
मासेमारीची, डावीकडे कलणारी.
म्हणाला, "पिवळं दिसलं. वाटलं, आपल्यातलं कोणी."
"मग? परत जातोस?"
तो हसला नाही. मीही नाही.
"मशीन आधी दे," म्हणाला, "जड आहे, मधोमध ठेवू."

शाळेत आम्ही दोनशेजण.
कडू हिरव्या चहाचा एकच तुंबा, एकच नळी,
या तोंडातून त्या तोंडात.
नळी पुसायची नाही, तो अपमान;
आमच्या दक्षिणेकडची ही रीत कुठल्याच पक्षानं अजून नेलेली नाही.

चौथ्या दिवशी मात्र जुंपलीच.
बंधाऱ्याचे पैसे कोणी खाल्ले, इशारा कोणी दाबला.
ओडाइर ओरडला. मी त्याच्याहून मोठ्यानं.
इवानिरबाईंनी राजम्याच्या पातेल्यावर डाव आपटला:
"भांडा. पण रांगेत उभं राहून भांडा,
वाढायचं खोळंबलंय."
आम्ही रांगेत भांडलो.
माझा नंबर आला तेव्हा त्यानं माझं ताट पुढे धरलं,
तोंडानं शिव्या चालूच.

पाणी उतरल्यावर बाकांखाली
शाळेचा झेंडा सापडला, चिखलाची पोळी झालेला.
शिपाई फेकायला निघाला होता.
आण इकडे, म्हटलं.
तीन पाण्यांतून काढला. हिरवा निघाला, पिवळा निघाला,
निळा गोल निघाला; तारे मोजले, दोन कमी.
पांढऱ्या पट्टीवरचे शब्द उसवून गेलेले.
सुव्यवस्था गेली. प्रगती गेली.
मधलं तेवढं चिकटून राहिलं होतं,
आमच्या भाषेतलं एकच अक्षर,
बाकीच्यांहून जरासं छोटं,
मी पन्नास वर्षांत कधी वाचलं नव्हतं ते:
आणि.

मशीन अजून उन्हात वाळत होती.
हातानंच शिवायचं, तर कापड ताणून धरायला कोणी हवं.
ओडाइरनं खुर्ची ओढली. त्याचा चष्मा पुरात गेलेला,
सुई ओवायला उपयोग नाही, धरायला आहे.
पिवळा भाग एका कोपऱ्यात फाटला होता.
मी टी-शर्टकडे पाहिलं.
त्यानंच कात्री पुढे केली.
"पोटाकडचा घे. पाठीवर नंबर आहे."

पुढच्या सोमवारी पोरं याच्यासमोर उभी राहून गातील.
मी गाईन की नाही, ठाऊक नाही;
पण त्या ओळींपाशी घसा आवळतो
तो या वेळी रागानं नव्हे, एवढं कळतंय.

"मधलं अक्षरही पक्कं करून टाक," ओडाइर म्हणाला.
बोटानं चाचपलं.
नको, म्हटलं.
ते धरून आहे.