त्रेसष्ट रुपये

पुस्तक आलं होतं. खिडकीच्या कठड्यावर,
दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर.
सकाळी कुलूप काढताना दिसलं.
रात्री सर येऊन गेली तरी आत थेंब नाही,
इतकी घडी पक्की.
शेवटच्या चाळीस पानांच्या आधी
खुणेला काडेपेटीतली एक काडी,
आणि पानांच्या कडांना काळपट अंगठे,
काजूच्या टरफलाचं तेल, जे कशानेच जात नाही,
ना कातडीवरून, ना कागदावरून.

सभासद क्रमांक दोनशे अठरा, शेवंता आरोलकर.
उशीर त्रेसष्ट दिवस.
दंड रोजचा रुपया.

रुपयांत हिशेब करणं मी कधीच सोडलंय.
इनासचे दीडशे म्हणजे बांगड्यांचा एक वाटा,
आणि इनासची होडी आषाढापासून उपडी.
हायस्कुलातल्या त्या तोतऱ्या पोराचे बारा
म्हणजे दोन दिवस एसटीऐवजी चालणं.
शेवंताबाईंचे त्रेसष्ट म्हणजे
तीन किलो सोललेला गर, किलोला एकवीस दराने,
आणि कारखान्याला श्रावणापासून कुलूप.

कार्यकारिणीच्या सभेत शिरसाट म्हणाले,
"माफ करत बसलो, तर उद्या वेळेवर देईल कोण?"
बरोबर आहे. मी मान हलवली.
मग बाकीदारांची यादी वाचायला घेतली:
एकतीस नावं.
सत्तावीस पुस्तकं तर कपाटात आहेत, म्हटलं,
माणसं तेवढी परत यायची आहेत.
बाजारात मला पाहिलं की ती
रस्त्याची दुसरी कड धरतात,
कोथिंबिरीच्या जुड्या उगाच निवडत राहतात
मी मासळीकडे वळेपर्यंत.
"मग करायचं काय?" शिरसाट म्हणाले,
चिडून नाही, खरंच विचारत.
मला ठाऊक नव्हतं.
चहा आला. विषय पुढच्या सभेवर गेला.

संध्याकाळी पुस्तक पिशवीत घालून तिच्या दारात गेले.
ती पायरीवर बसून खोबरं काढत होती.
"शेवट वाचूचो रवलो," म्हणाली,
"पन दिवस वाढत होते, बाय.
म्हटलंय, आजपासून तरी मीटर थांबात."
मी म्हटलं, दंड सोडून दे, मी बघते.
तिने हात पदराला पुसले.
"फुकट नको माका."

दसऱ्यानंतर आम्ही पुस्तकं उन्हात घालतो.
चार महिन्यांची बुरशी, कपाटाच्या पाठीला ओल,
गोंद चाटून गेलेल्या झुरळांचे नकाशे.
एरवी मी आणि शिपाई. यंदा ती आली,
स्वतःची दोन सुपं घेऊन.
अंगणात चटया, चटयांवर चारशे पुस्तकं उताणी,
आणि ती मधून अनवाणी फिरतेय,
एकेकाचं पान बोटाने चाचपत,
"ह्यां उलटा, नायतर पाठ करपतली,"
मला, ग्रंथपालनाचं प्रमाणपत्र असलेलीला, सांगतेय.
दुपारी वारा फिरला. मला कळायच्या आत
तिने अर्ध्या चटया पडवीत ओढल्या होत्या.
दोन दिवस.

रात्री दंडाची वही उघडली.
अडीचशे रोजाने दोन दिवसांचे पाचशे,
वजा त्रेसष्ट,
म्हणजे वाचनालयच तिचं
चारशे सदतीस रुपये देणं लागतं.
वहीत यासाठी रकाना नाही.
मी पेन्सिलीने समासात लिहिलं,
तपासनीस आला तर खोडता येईल असं,
मग पेन घेऊन गिरवलं.

शनिवारी ती आली, पुढच्या दाराने.
काडी होती तिथेच होती.
ती बाकावर बसली, चाळीस पानं वाचली,
मध्ये एकदा पाणी प्यायली,
मिटून माझ्यापुढे ठेवलं.
"कसा वाटला शेवट?"
"येवढ्यासाठी त्रेसष्ट?" म्हणाली,
आणि कपाटाकडे गेली, दुसरं शोधायला.