उणे चाळीस

मे महिना, दुपारचे अडीच.
सातपूरच्या पत्र्याखाली गाडी उभी
आणि डॅशबोर्डवर आकडा: उणे चाळीस.
एसीचाही त्यावर विश्वास बसलेला,
बाहेर एवढा बर्फ, मी कशाला राबू?

"सेन्सर गेला, नवा टाका," मी म्हटलं.
धात्रक हसलासुद्धा नाही.
"थांबा की. आधी त्याला विचारू."

बंपरमागे कोपरापर्यंत हात घालून
त्यानं काढलं शेंगदाण्याएवढं काळं बोंड,
मीटरच्या सुया लावल्या, मुठीत धरलं.
आकडा उतरू लागला.
मग पोराला रसवंतीत पिटाळून बर्फाचा खडा आणवला
(निम्मा त्यानं वाटेतच चोखलेला).
आकडा चढला, भराभर.
"ऊन कळतंय याला, गारठाही कळतोय.
बोलतोय तो. वर पोचत नाही एवढंच."

तार तुटली होती क्लिपच्या आत,
हिरवी पडून, बाहेरून धडधाकट.
"बंपर कधी ठोकला होता?"
डिसेंबरात. निफाडला. पहाटेच्या धुक्यात, मीच.
घरी सांगितलं होतं,
पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं.

डाग दिला, टेप गुंडाळली,
दीडशे रुपये घेतले.
"लगेच नाही चढणार. जरा चालवा."

एबीबी सर्कलला नऊ.
एसी खाकरला.
मायको सर्कलला सव्वीस.
दारात पोचलो तेव्हा एक्केचाळीस,
आणि वृंदा कुंड्यांना पाणी घालत विचारते,
काय निघालं?

तार, म्हटलं.
मग चावी हातातच ठेवून
निफाडपासून सुरुवात केली.